डिस्नीलँडमध्ये एकट्यानं, काहीही न ठरवता

वर्षाचा पास घेतला की पहिले काही महिने बहुतेक जण हिशेब मांडत बसतात. पासाचे इतके डॉलर, एका दिवसाच्या तिकिटाचे इतके, म्हणजे अमुक चकरा झाल्या की पैसे वसूल. मग प्रत्येक चकरेत जास्तीत जास्त राइड्स पदरात पडायला हव्यात, सकाळी गेट उघडायच्या आधी हजर असायला हवं आणि रात्रीची आतषबाजी पाहिल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडला जाताना असं धावणं समजण्यासारखं आहे. त्यांच्या वाट्याला तो एकच दिवस असतो. पण अर्व्हाइन, टस्टिन, सेरिटोस, डायमंड बार अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि खिशात पास असलेल्या माणसानं का धावावं? वाचनालयाची वर्गणी भरली म्हणून कोणी पहिल्याच आठवड्यात कपाट रिकामं करत नाही. वसुलीचा हिशेब पास घेतला त्या दिवशीच बंद करा, असं मी प्रत्येक पासवाल्याला सांगते. आणि कधीतरी कोणालाही सोबत न घेता, काहीही न ठरवता तिथे जाऊन या.

काहीही न ठरवता जायचं तरी एक काम आधी करावंच लागतं. ऑगस्ट २०२१ पासून जुन्या वार्षिक पासाच्या जागी ‘मॅजिक की’ आली, आणि ती असली तरी येण्याचा दिवस अ‍ॅपवर आरक्षित करावा लागतो. स्वस्तातल्या पासांना शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे बरेच दिवस बंद असतात, ते कॅलेंडरवर दिसतात. आरक्षण केलं आणि जावंसं वाटलं नाही, तर आदल्या रात्री बाराच्या आत रद्द करा. तसंच सोडून दिलं तर गैरहजेरी लागते, आणि ९० दिवसांत अशा तीन गैरहजेऱ्या झाल्या की ३० दिवस नवं आरक्षण करता येत नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून पास घेताना त्या वर्षीचे नियम एकदा नीट वाचावेत. माझी पद्धत सोपी आहे. आठवड्याच्या मधला एखादा दिवस धरून ठेवायचा आणि आदल्या रात्री जेवणं उरकली की मनाचा कौल घ्यायचा. त्याच दिवशी सकाळी जागा शिल्लक दिसली तर तेव्हाही आरक्षण होतं, आणि असे आयत्या वेळचे दिवस फार छान जातात.

दिवस निवडताना शाळांच्या सुट्ट्या टाळा, एवढं पुरे. मंगळवार ते गुरुवार गर्दी त्यातल्या त्यात कमी. मे-जूनमध्ये समुद्राकडून येणारं ढगाळ मळभ दुपारपर्यंत टिकतं. ऊन नाही, पाऊस नाही, चालायला याहून चांगली हवा नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात मात्र दुपारी चारच्या आधी जायचंच नाही, असा नियम घालून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत पावसाचा अंदाज असेल तर बाकीचे आरक्षण रद्द करतात, तेव्हा तुम्ही छत्री-जाकीट घेऊन निघा. काही उघड्यावरच्या राइड्स बंद असतात, पण ओल्या फरशीवर पडलेले दिवे पाहायला मिळतात आणि छताखालच्या राइड्सना रांगा कमी असतात. पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला तेवढ्या पावसाचं काय?

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास फोन पिशवीत ठेवा. हे सांगायला सोपं आहे, करायला अवघड, कारण कुठल्या राइडला किती मिनिटांची रांग हे अ‍ॅपवर सतत दिसत असतं. ‘स्पेस माउंटन’ला पंचवीसच मिनिटं दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात आणि ठरवायचं नाही म्हणून आलेला दिवस ते अ‍ॅपच ठरवायला लागतं. त्याऐवजी मेन स्ट्रीटवर मान वर करून चाला. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर दुकानांच्या पाट्यांसारखी अक्षरं रंगवलेली आहेत. ती नावं बहुतांशी हे पार्क उभारणाऱ्या माणसांची आहेत. एम्पोरियमच्या वरच्या एका खिडकीवर एलायस डिस्ने, कंत्राटदार, स्थापना १८९५ अशी पाटी आहे. हे वॉल्ट डिस्नेचे वडील. इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे बांधले आहेत, त्यामुळे त्या आहेत त्यापेक्षा उंच भासतात. घरच्यांसोबत असताना या रस्त्यावरून आपण किल्ल्याकडे नुसते पळत असतो. एकट्यानं अर्धा तास इथेच घालवता येतो.

तिथल्याच मार्केट हाउसमध्ये, जिथे आता स्टारबक्स आहे, भिंतीवर जुन्या काळचे टेलिफोन लावलेले आहेत. शोभेचे वाटतात, म्हणून लोक कॉफी घेऊन शेजारून निघून जातात. रिसीव्हर उचलून कानाला लावा. पूर्वी एकाच तारेवर अनेक घरं जोडलेली असायची, तशा तारेवर चाललेल्या गप्पा ऐकू येतात. पुढे रिफ्रेशमेंट कॉर्नरला पियानोवर रॅगटाइम वाजवणारा वादक बसलेला असला तर बाहेरच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसा. एकाच कॉफीवर तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही. संध्याकाळच्या आधी टाउन स्क्वेअरमध्ये बँडच्या साथीनं झेंडा उतरवतात, आणि जमलेल्यांपैकी माजी सैनिकांना पुढे बोलावून मान देतात. ज्यांना त्यातलं काही ओळखीचं नाही त्यांनीही एकदा तरी शेवटपर्यंत थांबून पाहावं.

बसण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असत की या पार्कची कल्पना त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात सुचली. मुली मेरी-गो-राउंडवर फिरत असायच्या आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसलेले असायचे. आईवडील आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा असायला हवी, असं तिथे वाटलं. त्या मेरी-गो-राउंडजवळचा एक बाक मेन स्ट्रीटच्या ऑपेरा हाउसमध्ये जपून ठेवला आहे. १७ जुलै १९५५ ला संत्र्यांच्या बागांच्या जागी सुरू झालेलं हे सगळं जग बाकावर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यातून निघालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणून बसण्यात वेळ वाया जातो असं मानू नका. बसायची जागा निवडणं हीच अशा दिवसाची एकमेव योजना असू द्या. माझी आवडती जागा हंग्री बेअर या उपाहारगृहाचा नदीकाठचा खालचा मजला. समोरून कधी वल्ह्यांची होडी जाते, कधी मार्क ट्वेन बोट जाते, आणि वसंतात बदकीण पिल्लांची रांग घेऊन टेबलांच्या कडेनं पोहत येते. बदकं खरी आहेत, पार्कच्या पगारावर नाहीत. त्यांना खायला मात्र घालू नका.

आता ट्रेनबद्दल. एकट्यानं जाणाऱ्याला मी एकच गोष्ट सुचवायची झाली तर डिस्नीलँड रेलरोड सुचवीन. पार्कभोवती फिरणारी ही वाफेची गाडी खरोखर वाफेवर चालते. इंजिनांपैकी फ्रेड गर्ली हे १८९४ सालचं आहे. पार्क निघायच्या कितीतरी आधी ते लुइझियानात उसाच्या मळ्यांवर राबत होतं. पूर्ण फेरीला वीसेक मिनिटं लागतात, आणि एक फेरी झाली की उतरलंच पाहिजे अशी सक्ती सहसा नसते. लहान मुलं सोबत असली की ट्रेन म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायचं साधन होऊन जाते. एकट्यानं तिच्यात नुसतं बसून राहता येतं.

न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या स्टेशनवर कान उघडे ठेवा. फलाटासमोरच्या छोट्या तारघरातून सारखी टकटक ऐकू येते. ती उगाच वाजवलेली नाही. उद्घाटनाच्या दिवशी वॉल्टनं केलेल्या भाषणाची सुरुवात तारेच्या लिपीत तिथे अखंड वाजत असते. याच स्टेशनवर इंजिन पाणी भरायला थांबतं. तेव्हा गाडी काही मिनिटं हलत नाही, डब्यातले लोक चुळबुळ करायला लागतात, वाफेचा फुसफुसाट होतो आणि तापलेल्या लोखंडाचा, तेलाचा वास येतो. ज्यांनी लहानपणी कोळशाचं इंजिन पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे टुमॉरोलँड सोडलं की गाडी अंधारात शिरते. आधी ग्रँड कॅन्यनचा भलामोठा रंगवलेला देखावा लागतो, त्यात पेंढा भरलेली खरी जनावरं आहेत. तो १९५८ चा आहे. मग डायनोसॉर येतात. ते १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवले होते आणि प्रदर्शन संपल्यावर इथे आणले. दुसऱ्या फेरीत डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसा, तेच देखावे निराळे दिसतात.

गर्दीत नजरेला न पडणाऱ्या आणखी दोन गोष्टी शोधायला सांगते. अ‍ॅडव्हेंचरलँडमध्ये जंगल क्रूझजवळ एक उंच खजुराच्या जातीचं झाड आहे. ते १८९६ सालचं. डोमिंग्वेझ घराण्यात लग्नाचा आहेर म्हणून ते लावलं गेलं होतं, आणि पार्कसाठी जमीन विकताना ते तोडायचं नाही असं ठरलं. झाड मुळासकट हलवून आताच्या जागी लावलं. त्या घराण्यातला, त्याच जमिनीवर वाढलेला रॉन डोमिंग्वेझ पुढे पार्कमध्ये कामाला लागला आणि मोठ्या अधिकारपदापर्यंत पोचला. दुसरी गोष्ट फ्रंटियरलँडमध्ये, नदीच्या काठाशी. तिथे दगड झालेल्या झाडाचा बुंधा उभा आहे, कोट्यवधी वर्षं जुना. वॉल्टनं तो कोलोरॅडोमध्ये विकत घेतला होता, आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे त्याची पत्नी लिलियन हिनं तो १९५७ मध्ये पार्कला दिला. आसपास एवढी खोटी डोंगर-झाडं असताना हा एक खरा दगड लोक खोटा समजून पुढे जातात.

राइड्स घ्यायच्याच नाहीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. एकट्यानं तर त्या सोप्या जातात. काही ठिकाणी ‘सिंगल रायडर’ची वेगळी रांग असते, गटांत एखादी जागा मोकळी राहिली की तिथे एकट्या माणसाला बसवतात. डिस्नीलँडमध्ये मॅटरहॉर्न आणि मिलेनियम फाल्कन, आणि शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमध्ये रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स, इन्क्रेडिकोस्टर, ग्रिझली रिव्हर रन या राइड्सना ही सोय आहे. मुख्य रांग तासाभराची असताना इथे बऱ्याचदा निम्म्याहून कमी वेळात नंबर लागतो. पुढची सीट मिळेलच असं नाही. मिलेनियम फाल्कनवर तर तुमच्या वाट्याला बहुधा मागच्या बाजूचं इंजिनियरचं काम येतं, यान चालवणारे पुढे बसलेले कुटुंबीय असतात. ती चार मिनिटं तुम्ही त्यांच्यातले एक होऊन जाता, आणि उतरल्यावर कोणी ना कोणी हमखास हात हलवून निरोप घेतं.

संथ राइड्सची मजा मात्र निराळीच, कारण त्यांत दरवेळी काहीतरी नवं सापडतं. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मार्च १९६७ मध्ये सुरू झाली. वॉल्टच्या देखरेखीखाली तयार झालेली ही शेवटची राइड, आणि ती सुरू होण्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९६६ मध्ये, तो गेला. पंधरा मिनिटांचा प्रवास आहे. सुरुवातीला बोट काळोख्या पाणथळ भागातून जाते, उजव्या बाजूला ब्लू बायूमध्ये लोक जेवत असतात, डावीकडे एका झोपडीच्या ओसरीवर म्हातारा झोपाळा-खुर्चीत डुलत असतो. एकदा ठरवून फक्त हा पहिला भाग पाहा: काजवे कसे लुकलुकतात, आकाशात ढग कसे सरकतात. पुढच्या वेळी फक्त आवाज ऐका. सप्टेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत हाँटेड मॅन्शनची सजावट बदललेली असते. नेहमी येणाऱ्यालाच त्या बदलाची चव कळते. टिकी रूम १९६३ ची, आत थंडगार, बसायला बाक, आणि बाहेरच्या काउंटरवरून घेतलेला अननसाचा डोल व्हिप आत नेऊन खाता येतो. त्यात दूध नसतं.

खाण्याचा प्रश्न शाकाहारी माणसाला हमखास पडतो, त्याचं उत्तर म्हणजे डबा. इथे स्वतःपुरतं खाणं बरोबर नेऊ देतात. काचेची भांडी चालत नाहीत, मोठे कूलर चालत नाहीत, आणि फार उग्र वासाचा पदार्थ नको. दशम्या, कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी असं कोरडं काहीही उत्तम. पाण्याची बाटली भरून न्या, शिवाय खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात. गरम काही हवं असेल तर टियानाज पॅलेसमध्ये सात पालेभाज्यांचं गम्बो मिळतं, ते मांसाशिवाय मागून घ्या. बेंगॉल बार्बेक्यूत भाज्यांच्या सळ्या असतात. मेनूत वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण असते. ऑर्डर मात्र भूक लागायच्या आधी अ‍ॅपवर टाकून ठेवावी, जेवणाच्या वेळी पुढची मोकळी वेळ लांबची मिळते. एवढ्यासाठी फोन बाहेर काढायला हरकत नाही.

खरी अडचण यांपैकी कुठलीच नसते. अडचण असते एकटं जाण्याची. आपल्याकडे माणूस एकटा मौजेच्या ठिकाणी गेला की घरात काहीतरी बिनसलंय असं समजतात. इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींकडूनही मी ऐकलं आहे: ‘अगं, एकटीच? मला सांगायचंस, मी आले असते.’ त्यामागे माया असते. तरीही दर वेळी सोबत घेऊ नका. व्हिसामुळे नोकरी करता येत नाही अशी वर्षं काढणाऱ्या बायका, नुकतेच निवृत्त झालेले पुरुष, मुलं कॉलेजला गेल्यावर घर रिकामं झालेले आईवडील, यांच्यासाठी तर मी हे अगदी कळकळीनं लिहिते आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे एकटी आलेली माणसं पुष्कळ दिसतात: स्केचबुक घेऊन बसलेली मुलगी, पुस्तक वाचणारे आजोबा, कामावरून सुटून तासभर चालायला आलेली परिचारिका. तुमच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. भोवती सतत माणसं असल्यामुळे एकट्या बाईलाही तिथे निर्धास्त वाटतं. घरी फक्त कुठे आहोत ते कळवून ठेवावं आणि गाडी कुठल्या मजल्यावर, कुठल्या रांगेत लावली त्याचा फोटो काढून ठेवावा. कोणी मागितलं तर त्यांच्या कुटुंबाचा फोटो काढून द्या. बोलायला लाजणाऱ्या माणसालाही त्यानिमित्तानं चार शब्द बोलायला मिळतात.

पहिल्यांदाच एकटे जात असाल आणि नुसतं बसणं जड जाईल असं वाटत असेल, तर कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमधल्या अ‍ॅनिमेशन अ‍ॅकॅडमीपासून सुरुवात करा. थंड खोलीत प्रत्येकाला पाटी, कागद आणि पेन्सिल देतात. समोरचा कलाकार आधी हलक्या हातानं एक वर्तुळ काढायला सांगतो, मग त्याला छेदणाऱ्या दोन मार्गदर्शक रेषा, मग डोळे त्या रेषांवर कुठे टेकतात ते दाखवतो. शेजारी सहा वर्षांची मुलगी असते, पलीकडे तिचे आजोबा, आणि सगळे एकाच वेळी जीभ किंचित बाहेर काढून प्लूटोचं नाक गोल करायच्या खटपटीत असतात. शेवटी सगळे आपापले कागद वर धरतात. प्रत्येकाचा प्लूटो वेगळा होतो आणि प्रत्येक जण ओळखू येतो. कागद घरी नेता येतो. पात्र बदलत राहतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा जावं.

निघायचं कधी, हे तुमच्या पायांना ठरवू द्या. दोन तासांत परत फिरलात तरी चालतं. पास त्यासाठीच घेतला आहे. फक्त एक ध्यानात ठेवा. आतषबाजी असलेल्या रात्री ती संपली की सगळं पार्क एकदम मेन स्ट्रीटकडे वळतं आणि पार्किंगकडे जाणाऱ्या ट्रॅमची रांग लांबच लांब होते. आतषबाजी पाहायची नसेल तर ती सुरू व्हायच्या अर्धा तास आधी बाहेर पडा. पाहायची असेल तर किल्ल्यासमोरची गर्दी सोडून ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’समोर किंवा नदीकाठी उभे राहा आणि नंतर तासभर आतच रेंगाळा, त्या तासात रांगा ओसरलेल्या असतात. लवकर निघालात आणि भूक असेल तर आर्टेशियाचा पायोनियर बुलेवार्ड फार लांब नाही, तिथे गरम डोसा मिळेल.

असे काही दिवस काढले की पुढे नाशिकहून नणंद किंवा साताऱ्याहून काका-काकू येतील तेव्हा त्याचा उपयोग होतो. सावली कुठे आहे, कुठलं स्वच्छतागृह रिकामं असतं, कुठल्या राइडच्या रांगेत बसायला कठडा आहे, हे तुम्हाला पाठ झालेलं असतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना मार्क ट्वेन बोटीवर न्यायचं असेल तर रांगेत पुढे राहा आणि चढल्या चढल्या खालच्या डेकच्या पुढच्या टोकाकडे जा. खुर्च्या थोड्याच असतात, त्या तिथे असतात.